बटण नसलेला डबा

पोटात गोष्ट न राहणारी माणसं या जगात पुष्कळ असतील. पण पोटातली गोष्ट बिस्किटाच्या डब्यात घालून ती शेजारच्या आठ खोल्यांमधल्या रेडिओतून बाहेर काढणारा माणूस अख्ख्या विदर्भात एकच होऊन गेला, आणि माझं नशीब असं की तो माझा घरमालक होता. नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवरच्या गोदामांच्या मागं, टिनाच्या छपराच्या आठ खोल्यांची त्यांची ओळ होती आणि ओळीच्या टोकाला त्यांचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर. सगळे त्यांना काकाजी म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकू. काकाजी मात्र भाडेकरूंना नावानं कधी हाक मारत नसत. जो ज्या गावाहून आला ते गावच त्याला चिकटवून टाकत. त्यामुळं आमच्या ओळीत तुमसर राहायचा, वरूड राहायचा, माझ्या शेजारच्या खोलीत रामटेकवाली राहायची. आणि मी सातवीतून शाळा सोडून गुळाच्या ट्रकवर बसून तिकडून इथवर आलेला, म्हणून मी कोल्हापूर. "काहून गा कोल्हापूर, जेवला का?" असं ते विचारायचे, तेव्हा एवढं मोठं शहर माझ्या हाडकुळ्या अंगावर चढवल्यासारखं वाटून मी आणखीच अवघडायचो. मी मुळात घाबरट माणूस. दारात पोस्टमन उभा राहिला तरी मी आधी दाराआड व्हायचो. गोदामात बोचक्यांवर कुंचल्यानं गावांची नावं रंगवायचं माझं काम. दिवसभर मी दुसऱ्यांच्या गावांची नावं काढायचो, आणि संध्याकाळी खोलीत येऊन आपल्या गावाच्या आठवणीनं भिंतीकडं तोंड करून पडायचो.

काकाजींचा धंदा लग्नाकार्याला लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा. या धंद्यातल्या माणसाचं वायरीशी वैर असेल असं कुणाला वाटणार नाही, पण काकाजींचं होतं, आणि ते साधंसुधं नव्हतं. रामटेककडच्या एका खेड्यात लग्न होतं. कर्णा बांधला होता मांडवापासून लांब, विहिरीजवळच्या बाभळीवर, आणि वायर गेली होती पायवाटेवरून. ऐन मंगलाष्टकांच्या वेळी कुणाची तरी बैलजोडी उधळली, वायर बैलांच्या पायांत अडकली आणि कर्णा बाभळीवरून सुटून त्यांच्या मागं निघाला. वायर लांबलचक होती. ती ताणून तुटेपर्यंत तो कर्णा धानाच्या कोरड्या खाचरातून उड्या मारत, खणखणीत आवाजात मंगलाष्टकं म्हणत गेला, आणि अर्धे वऱ्हाडी मुठीत अक्षता घेऊन त्याच्या मागं धावले. काही अक्षता बैलांवर पडल्या म्हणतात. त्या दिवसापासून काकाजींनी वायर या वस्तूचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं. पोटाचा धंदा म्हणून मांडवात लागेल तेवढी ते वापरत, पण घरात तार दिसू देत नसत. कपडे वाळायचे ते कुंपणाच्या टिनांवर. चित्र टांगलेलं चालायचं नाही, ते फळीवर ठेवायचं. हे इतकं वाढलं की पायजम्याची नाडीही त्यांना वायरीची बहीण वाटू लागली आणि त्यांनी सगळे पायजमे बटणांचे शिवून घेतले. काकू म्हणायच्या, "बरं झालं मले मंगळसूत्र लग्नात घालून दिलं. आता मागितलं असतं तर डब्यात आणून दिलं असतं."

तर तो डबा. बिनवायरीचा लाउडस्पीकर करायचा या ध्यासानं काकाजींनी कुठकुठल्या मोडक्या रेडिओंचे भाग आणले, इतवारीच्या बाजारातून काही आणले, सहा महिने ओट्यावर बसून बोटं भाजून घेतली आणि शेवटी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ते यंत्र बसवलं. डब्याला एक माईक, शेजारी टेपरेकॉर्डर, वर छत्रीची लांब काडी आणि समोर गुंजेएवढा लाल दिवा. माझ्यासारख्याला त्यातलं काही कळत नव्हतं. एवढंच कळलं की आपल्या रेडिओचा काटा नागपूर स्टेशनच्याही पलीकडं, पार शेवटाला नेऊन ठेवला, की काकाजींच्या टेपरेकॉर्डरवर लागलेलं गाणं आपल्या खोलीत वाजतं. मध्ये तार नाही, दोरा नाही, काही नाही. मी एकदा त्या काडीकडं बोट दाखवून विचारलं, "काकाजी, ही पण वायरच ना?" ते इतके दुखावले की दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी आठही रेडिओंवर खुलासा आला : "ज्यायले कोणाले शंका असन त्यायनं ऐका. ते वायर नोहे. ते काडी आहे."

या डब्याला बटण नव्हतं. एवढ्या खटपटीचं यंत्र, पण चालू-बंद करायची सोय त्यात केलेली नव्हती. बंद करायचा तर मागचं झाकण उघडून सेल उपसावे लागत. मी एकदा भीत भीत म्हटलं, "बटण बसवून घ्या ना काकाजी, सेल वाचतील." तर म्हणाले, "बोलत्या माणसाच्या तोंडावर हात ठेवते का गा कोणी?" त्यामुळं काकाजी जागे असले की डबा जागा असायचा. सकाळी पहिल्यांदा त्यांचं खाकरणं यायचं. मग पेपर वाचून दाखवणं, त्यात मधूनमधून स्वतःची मतं, त्यामुळं कुठली बातमी पेपरातली आणि कुठली काकाजींची हे आम्हाला कधीच कळलं नाही. मग जाहीर सूचना : नळ आज उशिरा येणार, वरूडची सायकल पावसात उभी आहे, "रामटेकवाली, तुमचं दूध उतू जाऊन राहिलं, वास येऊन राहिला मले इथपर्यंत." ओळीत भिंती अशा, की त्यांचा खरा आवाज आधी भिंतीतून यायचा आणि मग रेडिओतून. रामटेकवाली ओरडून सांगायची, "काकाजी, तुम्ही बाहेर येऊन बोलले तरी आमाले ऐकू येते!" त्यावर रेडिओतून उत्तर : "ते ओरडणं झालं. हे पोचवणं आहे."

हे पोचवणं म्हणजे त्यांचा धर्मच होता. एखादी वस्तू आपल्या एकट्याजवळ आहे ही कल्पना त्यांना खपतच नसे. संत्रं सोललं की आधी फोडी मोजून घ्यायचे, मग खोल्या. टेपरेकॉर्डर ही तेव्हा मोठी चीज. पण तो स्वतःचा आहे असं त्यांनी कधी मानलं नाही. "मी एकटा ऐकून राहिलो अन् बाजूचा भिंत पाहून राहिला, हे बरं दिसते का?" भिंत पाहणारा बहुधा मीच असणार. कारण वाडीला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मला कावीळ झाली. ओळखीचं कुणी नाही. गोदामाच्या मुकादमाशिवाय मला चेहऱ्यानं ओळखणारं माणूस नाही. मी कुणाला न सांगता पडून होतो. दुपारी काकूंनी दारातून डोकावून पाहिलं, तशाच परत गेल्या, आणि थोड्याच वेळात भिंतीतून आणि आठ रेडिओंतून एकदम आवाज आला : "कोल्हापूर पिवळं पडलं आहे. ज्यायच्या घरी ऊस असन, मोसंबी असन, त्यायनं घेऊन जा. अन् तेलाचं कोणी त्याले देऊ नका." मला लाजेनं मेल्यासारखं झालं. पण संध्याकाळपर्यंत माझ्या उंबऱ्यात माणसं मावत नव्हती. तुमसरनं ऊस आणला आणि सोलूनही दिला. मी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं ते तापामुळं, असं सगळ्यांना वाटलं.

बरा झाल्यावर दर रविवारी माझ्याकडं एक काम आलं. माझा जुना ट्रान्झिस्टर खांद्यावर घेऊन मी रोडकडं चालत जायचं आणि काकाजींचा आवाज कुठपर्यंत येतो ते पाहून यायचं. आवाज पहिल्या गोदामाच्या भिंतीपाशी खरखरायचा आणि पुढं नाहीसा व्हायचा. एकदा त्या भिंतीला टेकून एक परप्रांती ड्रायव्हर रेडिओचा काटा फिरवत बसला होता. मला पाहून म्हणाला, "भैया, ये कौन सा स्टेशन है? आधे घंटे से एक बुड्ढा खाली खाँस रहा है." मी हे येऊन सांगितलं, तर काकाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "रोडपर्यंत पोचलो गा आपण," म्हणाले. मला मात्र त्या रात्री झोप नाही. सरकारच्या परवानगीशिवाय असं काही हवेत सोडणं गुन्हा आहे असं मी ऐकून होतो, आणि जीप दिसली की मला घाम फुटायचा. मी तसं बोललो तर म्हणाले, "आपण सरकारच्या घरात कुठं जाऊन राहिलो? आपल्या आठ खोल्यांत तर खोकलून राहिलो."

या सगळ्या पसाऱ्यात रेडिओ नसलेलं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे काकूंचं स्वयंपाकघर. "ह्यायचं बोलणं मले फुकट ऐकू येते, त्याच्यात आणखी सेल कायले घालू?" असं त्या म्हणायच्या. हसत म्हणायच्या, पण एकदा भाजी निवडताना रामटेकवालीला म्हणाल्या ते मी ऐकलं : "साऱ्या ओळीले सारं सांगते हा माणूस. मले वेगळं असं काही सांगितलं का कधी? जे तुमसरले तेच मले."

मग काकूंच्या पोटात दुखू लागलं. आधी ओवा, मग वैद्य, मग नागपुरात धंतोलीतला एक दवाखाना. डॉक्टरांनी सांगितलं, पोटात गाठ आहे, ऑपरेशन लगेच करायला हवं, थांबलं तर जिवावर बेतेल. काकूंना बायकांच्या वार्डात ठेवलं. ऑपरेशन उद्यावर आलं आणि काकू सही करीनात. "मले घरी न्या," एवढंच. डॉक्टर रागावले, गोडीनं बोलले, पुन्हा रागावले. संध्याकाळपर्यंत होकार आला नाही तर पलंग दुसऱ्या पेशंटला द्यावा लागेल, बाहेर रांग आहे, असं म्हणाले. काकाजी काकूंच्या पलंगापाशी उभे राहून मोठ्या आवाजात धीर देत होते, तो आजूबाजूच्या चार पलंगांनाही पुरत होता : "काही नाही होत वं! सुई टोचल्यावानी असते! मी पाहिले असे कितीक!" काकू भिंतीकडं पाहून म्हणाल्या, "बोलाले काय जाते." तेवढ्यात भेटीची वेळ संपली आणि सिस्टरनं पुरुषांना बाहेर काढलं. रामटेकवालीला तेवढं सोबत राहू दिलं.

बाहेर येऊन काकाजी कुंपणाच्या भिंतीशी, वार्डाच्या खिडकीखालच्या लिंबाच्या झाडापाशी बसले, आणि पिशवीतून त्यांनी काय काढलं असेल? डबा, टेपरेकॉर्डर आणि छत्रीची काडी. आदल्या संध्याकाळी त्यांनी सगळ्या ओळीला टेपरेकॉर्डरपुढं उभं करून एक कॅसेट भरली होती. काकूला घरचा आवाज ऐकवला की तिचा जीव थाऱ्यावर येईल, हा त्यांचा बेत. माझा ट्रान्झिस्टर, काटा बरोबर जागेवर लावून, मी सकाळीच रामटेकवालीकडं देऊन ठेवला होता. कॅसेट सुरू झाली. वरूडनं आपलं संपूर्ण नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका सांगितला आणि तो गप्प झाला. पुढं काय बोलायचं ते त्याला सुचलंच नव्हतं. तुमसरनं सांगितलं की मांजर दोन दिवस उंबऱ्यावर बसून आहे आणि कुणाच्या हातचं दूध पीत नाही. रामटेकवाली सुरुवातीला भाषणासारखं बोलली आणि मग एकदम, "अन् काकू, तुमची कढई माझ्याकडंच आहे बरं, कोणावर शक घेऊ नका." मी मात्र माझ्या पाळीला नुसतं "काकू, लवकर या" म्हणालो होतो आणि तेही इतकं हळू, की तिथं नुसती खरखर ऐकू आली. वर खिडकीत हसण्याचे आवाज आले. कॅसेट संपली. आम्ही उठून उभे राहून वर पाहत राहिलो. रामटेकवालीचं डोकं खिडकीत आलं आणि तिनं नकाराची मान हलवली. काकू ऐकत होत्या, पण होकार नव्हता.

काकाजी खाली बसले. इतका वेळ ताठ असलेला माणूस पिशवीसारखा खाली बसला. ते गप्प आहेत हे मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला भीती वाटू लागली.

"कोल्हापूर," ते म्हणाले, "मले भेव लागून राहिलं गा."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"तिले म्हटलं सुई टोचल्यावानी असते. मले काय माहीत? मी तर सुई टोचायच्या आधी डोळे मिटतो. ती नाही म्हणते तर मले वाटते बरं झालं, घरी नेऊ. अन् घरी नेली अन् काही झालं तर? मले घरात मीठ कुठं ठेवते ते माहीत नाही. लोक म्हणते काकाजी साऱ्यायले सांगत बसते. अरे, मी कोणाले सांगून राहिलो? ती सैपाकघरात रायते, रेडिओ लावत नाही, म्हणून मोठ्यानं बोलतो, का तिच्या कानी जावं. तिच्या समोर बसलो का मले तोंडच फुटत नाही. चाळीस वर्षं झाले, नाही फुटत. ती नसन, तर त्या डब्यात बोलून करू काय मी?"

मी मान खाली घातली. आणि खाली पाहिलं तर डब्यावरचा गुंजेएवढा लाल दिवा चालू होता. कॅसेट संपली होती; माईक संपला नव्हता. माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत खिडकीतून रामटेकवालीची किंकाळी आली, "काकाजी! डबा चालू आहे बाप्पा! सारा वार्ड ऐकून राहिला!"

काकाजींनी दोन्ही हात डब्यावर टाकले, जणू पेटलेली वस्तू विझवावी. झाकण उघडेना, सेल निघेनात. दूध उतू गेल्याचंही जगाला कळवणारा तो माणूस त्या क्षणी लाजून चूर झाला होता. तेवढ्यात सिस्टर खिडकीत आल्या. "अहो, तो डबा आधी इथून घेऊन जा," म्हणाल्या. "इथल्या सगळ्या बायका आपापल्या नवऱ्यांना शिव्या देऊ लागल्यात." आणि त्यांना बाजूला सारून रामटेकवाली पुन्हा डोकावली. आता ती ओरडत नव्हती.

"काकूनं निरोप दिला आहे. म्हणते, मीठ फळीवर आहे, डाव्या हाताले, पितळेच्या डब्यात. अन् डाक्टरले म्हणा, सही कुठं करायची ते दाखवा."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आत किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी डोळे मिटून कोल्हापूरपासून वाडीपर्यंतच्या रस्त्यातल्या सगळ्या देवांना नमस्कार करत होतो, आणि काकाजी माझा हात धरून बसले होते. गाठ निघाली. काकू वाचल्या, आणि पुढं दिवाळीचा चिवडा त्यांनी स्वतः केला.

आता ती ओळ तिथं नाही. काकाजी नाहीत, काकूही नाहीत. पण मला ते आठवतात ते काकू घरी आल्यानंतरच्या एका संध्याकाळचे. काकाजींनी आपली खुर्ची ओट्यावरून उचलून स्वयंपाकघराच्या दारात नेली होती. दिवेलागणीला आम्ही सवयीनं रेडिओ लावले. बातम्या नाहीत, सूचना नाहीत. मग हळू आवाजात काकाजी ऐकू आले, "तुले आठवते का वं, आपण पहिल्यांदा नागपूरले आलो तेव्हा तू स्टेशनावर रडली होती? मी बी रडलो होतो. नळाखाली तोंड धुवाले गेलो म्हटलं तुले, ते उगीच." आणि मग काकूंचं असं हसणं आलं, जे आम्ही आजवर कधी ऐकलं नव्हतं. डबा ते सवयीनं सोबत आत घेऊन गेले होते.

मी माझा रेडिओ बंद केला. शेजारी रामटेकवालीच्या खोलीत खट्‌कन आवाज झाला. मग तुमसरच्या, मग वरूडच्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटच्या खोलीपर्यंत एकेक रेडिओ बंद होत गेला, आणि आम्ही सगळे आपापल्या पायऱ्यांवर येऊन रोडवरचे ट्रक पाहत बसलो. आईवडील मागं टाकून आलेली माणसं आम्ही.

बऱ्याच वेळानं काकाजी बाहेर आले. एवढी शांतता पाहून गोंधळले. "काहून गा, साऱ्यायचे रेडिओ बंद? सेल संपले का?"

"हो काकाजी," मी म्हणालो. "संपले."

ते लगबगीनं आत गेले आणि आपल्या बॅटरीतले सेल काढून घेऊन आले. दोनच होते. त्यांनी आठ पायऱ्यांकडं पाहिलं, हातातल्या सेलांकडं पाहिलं, आणि पुरणार नाहीत म्हणून त्यांचा चेहरा अगदी उतरला. मग माझ्याजवळ येऊन ते दोन्ही सेल त्यांनी माझ्या हातात दिले आणि वरून मूठ मिटवली.

"तू ठेव गा," म्हणाले. "तू दूरचा आहे."